रत्नागिरीहून आणलेलं विरजण

माझ्या आजीच्या डाव्या घोट्याजवळ नारूची खूण होती. बोटानं चाचपली तर हलकासा खड्डा लागे. तिच्या माहेरी पायविहीर होती. बायका पायऱ्या उतरून खाली जायच्या, तिथेच पाय बुडवायच्या आणि तिथूनच घागर भरायच्या. त्या पाण्यात डोळ्यांना दिसेल न दिसेल असा एक जीव उड्या मारत असतो. नारूचं पिल्लू त्याच्या पोटात शिरतं, न गाळलेल्या पाण्याबरोबर माणसाच्या पोटात उतरतं, जवळजवळ वर्षभर अंगात वाढतं आणि हातभर लांब होऊन बहुतेक वेळा पायातून बाहेर पडतं. त्या जागेची आग सोसवत नाही म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो, आणि नेमकी त्याच वेळी नारूची मादी आपली पिलं पाण्यात सोडते. आजीनं आपल्या पायातला जंत काडीला गुंडाळत, रोज थोडा थोडा, तुटू न देता काढला होता. म्हणून ती होती तोवर आमच्या घरातल्या माठात दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी पडलं नाही. "गायल्याबिगर पानी तोंडाले लावू नोको, बाबू," हे तिचं वाक्य मी चालायला लागलो तेव्हापासून ऐकत आलो.

नारूवर लस नव्हती, गोळी नव्हती. देशात त्याच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. हे सगळं घडलं ते फडक्यामुळे, पायविहिरींच्या पायऱ्या बंद केल्यामुळे आणि विहिरींत टाकलेल्या टेमेफॉस नावाच्या कीटकनाशकामुळे. मला या लढाईचा फार आदर वाटतो. घराघरातल्या बायकांनी रोज पाणी गाळून एक रोग देशाबाहेर घालवला.

ज्या जिवाला आजी फडक्यानं अडवत होती तो सायक्लॉप्स. कोपेपॉड नावाच्या कुळातला, झिंग्यांचा आणि खेकड्यांचा दूरचा भाऊबंद, लांबी साधारण मिलिमीटरभर. त्याच कुळातले खाऱ्या पाण्यातले जीव मी बार्शीटाकळीच्या माझ्या घरात पोसतो. मुंबईचा समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर. इथे विद्रूपा नदी आहे, कालंका देवीचं हेमाडपंती देऊळ आहे, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन आहे. खारा वारा कुणाला ठाऊक नाही. तरी माझ्या मागच्या खोलीत वीस लिटरच्या जारांमध्ये समुद्र आहे, आणि तो पाच-सहा माणसांनी मला दिलेला आहे. त्यांच्यापैकी कुणी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. हे लिहायचं कारण तेच.

एम.एस्सी. झाल्यावर मी काही वर्षं मुंबईत घरोघरच्या मत्स्यालयांची देखभाल करायचं काम केलं. वडिलांचं दुखणं सुरू झालं तसा परत आलो. इथे शिकवण्या घेत होतो, आणि अकोल्यात ज्यांच्याकडे काचेच्या टाक्या होत्या त्यांची कामं हळूहळू येऊ लागली. अशाच एका डॉक्टरांकडे खाऱ्या पाण्याची टाकी होती. अकोल्यात तेव्हा तशी दुसरी मी पाहिली नव्हती. त्यात त्यांच्या मुलीनं हट्टानं आणवलेला एक मँडरिन मासा होता. मँडरिन ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून कळणं अवघड. बोटाएवढा मासा, निळ्या अंगावर नारिंगी आणि हिरव्या वळणदार रेघा, खवले नाहीत, त्याऐवजी अंगावर बुळबुळीत थर. पश्चिम पॅसिफिकच्या प्रवाळांत राहतो आणि दिवसभर, दर काही सेकंदांनी, खडकावर तोंड टेकवून एकेक बारीक जीव टिपत हिंडतो. कोरड्या खाद्याकडे तो बघत नाही. नव्या टाकीत खडकावर जीवच नसतात, म्हणून हा मासा पोटभर खाद्य समोर तरंगत असताना उपाशी मरतो. त्या मुलीच्या माशाचं पोट आत गेलं होतं. ती रोज शाळेतून आल्यावर काचेजवळ बसून मला फोन करायची आणि विचारायची, "काका, आज त्यानं काही खाल्लं असेल का?"

आधी आर्टेमिया केला. मत्स्यालयवाल्यांना तो ब्राइन श्रिम्प म्हणून माहीत आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून त्याची अंडी डब्यात भरून जगभर जातात. तपकिरी, भुकटीसारखी, पूर्ण कोरडी. या अंड्यांत जीव थांबलेला असतो, मेलेला नसतो, आणि वर्षानुवर्षं तसाच थांबू शकतो. खारं पाणी, अठ्ठावीस अंशांच्या आसपास उष्णता, दिवा आणि खालून हवेचे बुडबुडे दिले की साधारण चोवीस तासांत त्यातून अर्ध्या मिलिमीटरची नारिंगी पिलं बाहेर पडतात आणि उजेडाकडे झेपावतात. हवा बंद करायची, बाजूनं विजेरी धरायची, सगळी पिलं त्या कोपऱ्यात गोळा होतात, टरफलं वर तरंगतात, मधलं पाणी नळीनं काढून बारीक जाळीवर घ्यायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी आईला अंगणातून हाक मारून बोलावलं होतं. १९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲल्विन सील यांनी हे पिल्लू माशांना चालतं हे लिहून ठेवलं, १९३९ मध्ये नॉर्वेच्या गुन्नार रोलेफसेन यांनीही. बेल्जियममधल्या गेंटच्या पॅट्रिक सॉर्गलूस यांनी पुढे आयुष्यच त्याला दिलं. आज जगभर कोळंबीची आणि समुद्री माशांची जी पिलं हॅचरीत वाढतात, त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याला लहानपणी हाच जीव भरवला जातो.

आर्टेमिया मी पुस्तकात वाचण्याआधी वडाळ्याच्या मिठागरात पाहिला होता. मुंबईत असताना एका सुट्टीच्या दिवशी तिकडे भटकत गेलो, तर एका आगरी आजोबांनी हाताला धरून बांधावरून नेलं आणि एका कुंडीतलं तांबूस पाणी ओंजळीत घेऊन दाखवलं. ओंजळ हलत होती. ते म्हणाले, मीठ पिकायच्या आधी हे येतात, हे असले की पाणी स्वच्छ राहतं. त्यांचं नाव मी विचारलं नाही. खूप नंतर कळलं की या मिठागरांतल्या आर्टेमियाची नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली केली होती, आणि भारतातली ती पहिली मानली जाते. हेच ते कुलकर्णी, ज्यांनी १९४० साली मुंबईच्या आसपासच्या खाड्यांतला, काचेसारखा आरपार दिसणारा 'होराइक्थिस' हा चिमुकला मासा जगाला दाखवला. मराठी माणसाच्या या कामाबद्दल मला शाळेत कुणी सांगितलं नाही, विद्यापीठातही नाही. १९५८ मध्ये बैद यांनी राजस्थानच्या सांभर सरोवरात आर्टेमिया नोंदवला. सांभर समुद्रापासून किती लांब! ते वाचलं त्या दिवसापासून बार्शीटाकळीत खारं पाणी ठेवणं मला विचित्र वाटेनासं झालं.

पण मँडरिनचं आर्टेमियावर भागेना. ती पिलं उजेडाकडे, पाण्याच्या वरच्या थराकडे धावतात; मँडरिन खाली खडकावर शोधत असतो. पिलांच्या पोटातला साठा काही तासांत संपतो, मग त्यांच्यात पोषण फारसं उरत नाही. डीएचए नावाची जी चरबी समुद्री माशांना लागते ती आर्टेमियात जवळजवळ नसतेच. ती असते कोपेपॉडमध्ये. मँडरिनला त्याच्या रानात जे मिळतं ते हेच.

कोपेपॉड मिळवायचे कुठून, हा प्रश्न घेऊन मी महानला गेलो. काटेपूर्णेवरचं महानचं धरण आमच्याच तालुक्यातलं. अकोला त्याचंच पाणी पितं. तिथले एक भोई काका मला लहानपणापासून ओळखतात, वडिलांबरोबर मी त्यांच्याकडे मरळ घ्यायला जायचो. गोड्या पाण्यातले काका आणि खाऱ्या पाण्यातला माझा मासा, दोघांचा संबंध नव्हता, पण मासे या विषयावर माझ्याजवळ विचारायला दुसरं माणूस नव्हतं. काकांनी मला जवळच्या एका संवर्धन तळ्यावर नेलं. मत्स्यजिरे सोडायच्या आधी तिथे शेण आणि भुईमुगाची ढेप टाकून ठेवली होती. आठवडाभरानं पाण्याचा रंग पालटतो. काकांनी जुन्या धोतराच्या फडक्यातून बादलीभर पाणी ओतलं, फडकं उलटं करून पांढऱ्या वाटीत झटकलं आणि वाटी माझ्या हातात दिली. वाटीत उड्या मारणाऱ्या ठिपक्यांची गर्दी होती. सायक्लॉप्स, डॅफ्निया, सगळे. "मासा पोसाचा असन त पह्यले पानी पोसा लागते, बाबू," ते म्हणाले. "पानी धष्टपुष्ट झालं का मासा आपोआप होते."

मी एम.एस्सी.ला प्राण्यांचे वर्ग, त्यांच्या पायांच्या जोड्या, त्यांच्या अवस्था पाठ केल्या होत्या. कोपेपॉडच्या सहा नॉप्लियस अवस्था आणि पुढच्या पाच कोपेपोडिड अवस्था झोपेतही सांगितल्या असत्या. पाणी पोसायचं असतं हे काकांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. जाताना त्यांनी ते फडकं मला दिलं. आजीचं फडकं पाण्यातून हा जीव काढून टाकायला होतं, काकांचं तो जमवायला. दोन्ही हातांची रीत एकच होती: संथ धार, फडकं सैल, पिळायचं नाही.

खाऱ्या पाण्याच्या कोपेपॉडसाठी मात्र कोकणात जावं लागणार होतं. लोक म्हणाले, लोणार इतकं जवळ असताना रत्नागिरी कशाला? लोणारचं पाणी खारट आहे खरं, पण ते अल्कधर्मी, सामू दहाच्या घरातला. समुद्री जीव त्यात तगत नाही. पूर्णेच्या काठचं खारपाणही तसंच वेगळं. ते पुढे सांगतो.

मुंबईतल्या ओळखीच्या एकानं रत्नागिरीच्या ताईंचा पत्ता दिला. त्यांचं शिक्षण तिथल्याच मत्स्य महाविद्यालयात झालेलं. घराच्या मागच्या पडवीत त्यांनी स्वतःच्या हौसेनं क्लाउनफिशची जोडी ठेवली होती आणि तिची पिलं वाढवायच्या. विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथून कोकण रेल्वेनं मी गेलो, तेव्हा त्यांनी आधी जेवायला बसवलं. मग अंधार पडल्यावर खाडीवर घेऊन गेल्या. पाण्याशी दिवा धरला. प्रकाशाच्या त्या वर्तुळात हळूहळू धूळ जमावी तसं काहीतरी जमू लागलं, आणि ती धूळ आपणहून हलत होती. ताईंनी बारीक जाळी फिरवली. मी काही वेळ बोलू शकलो नाही. अख्खा समुद्र कशावर जगतो ते माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

ताईंचा स्वतःचा साठा मात्र खाडीतला नव्हता. मिऱ्याच्या खडकांतल्या डबक्यांतून निघालेले हार्पॅक्टिकॉइड गटातले कोपेपॉड त्यांना मिळाले होते; ते त्यांनी वाढवले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले होते. भरतीच्या तुषारांनी भरणारी ती डबकी उन्हात तापतात, आटून खारट होतात, पावसात गोडी होतात. तिथे तगलेला जीव काटक असतो. "तुमच्याकडच्या उन्हाला हेच टिकतील," ताई म्हणाल्या. शिवाय हे पाण्यात फार तरंगत नाहीत, काचेवर आणि दगडावर सरपटत राहतात, म्हणजे मँडरिन जिथे शोधतो तिथेच असतात.

दोन दिवस त्यांनी मला शिकवलं. पाणी खिडकीसमोर धरायचं, मागे काळं कापड लावायचं, म्हणजे जीव पांढरे चमकतात. अंडपिशवी घेतलेल्या माद्या दिसतायत तोवर घाबरायचं नाही. त्या दिसेनाशा झाल्या की पाणी बदलायची वेळ झाली. हवेची नळी नुसती सोडायची, दगडी तुकडा लावायचा नाही, बारीक बुडबुडे त्यांच्या अंगाखाली अडकतात. खाद्य म्हणून शेवाळ, तेही जिवंत: सोनेरी-तपकिरी आयसोक्रायसिस आणि हिरवं टेट्रासेल्मिस. गिलार्ड आणि रायथर यांनी १९६२ मध्ये दिलेल्या कृतीवरून आलेलं एफ/२ हे खत घालून ते बाटल्यांत वाढवायचं. कोपेपॉडच्या पाण्याला शेवाळाची नुसती झाक हवी. निवळ झालं की पुन्हा थोडं. जास्त घातलं तर ते कुजतं आणि सगळं जातं. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी जाळीतून काढायचं, जाळीवर राहिलेलं माशांना, आणि काढलं तेवढं ताजं खारं पाणी परत.

निघताना त्यांनी अर्ध्या लिटरची बाटली दिली, अर्धी पाण्यानं आणि अर्धी हवेनं भरलेली, ओल्या पंच्यात गुंडाळून. सोबत शेवाळाच्या दोन कुप्या. मी पैशांचं पाकीट काढलं तर त्यांना ते आवडलं नाही. "पैसे नकोत रे. कुणी मागायला आलं तर त्याला दे. एकट्याकडे ठेवशील तर कधी ना कधी मरणारच ते." त्यांनाही ते असंच कुणीतरी दिलं होतं, त्यांच्या सरांनी. सरांना कुणी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी आईला हे सगळं सांगितलं. तिनं बाटली उजेडात धरून पाहिली. तिला ते ठिपके नीट दिसले नाहीत, डोळे अधू झालेले. पण ताईंचं बोलणं तिला लगेच उमगलं. "हे त इरजन हाय," ती म्हणाली. "घरचं संपलं त शेजारून आनता येते. पन शेजारच्याले आधी देल्लं पायजे."

आईचं माझ्यावरचं ऋण मोजायला बसलो तर दुसरं काही लिहून होणार नाही. इथे फक्त जारांपुरतं सांगतो. आमच्या घराला एकच कूलर, तो वडिलांच्या खोलीत. मागची खोली मे महिन्यात चाळिशीच्या घरात जायची आणि तेवढ्या उष्णतेत मिऱ्याचे जीवही टिकणार नव्हते. वातानुकूलन परवडणारं नव्हतं. आईनं पिण्याचा मोठा रांजण रिकामा केला, तळाला आणि कडेनं वाळू भरली, वाळू भिजवली, मधोमध माझा जार बसवला आणि बाहेरून ओला बारदाना गुंडाळला. दिवसातून दोनदा वाळूवर तांब्याभर पाणी. वऱ्हाडातली हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. जारातला तापमापक तीस अंशांच्या आसपास राहिला. मी कितीतरी इंग्रजी पुस्तकं चाळली होती, त्यांत थंड देशांतल्या लोकांसाठी पाणी गरम कसं ठेवायचं तेवढंच होतं.

याच कोरड्या हवेनं जारातलं पाणीही उडायचं आणि मीठ मागे राहायचं. म्हणून जारावर बाहेरून रेघ मारली आणि रोज तिथवर आरोचं गोडं पाणी भरायचं ठरवलं. खाऱ्या पाण्यात खारं भरत राहिलं तर आठवड्यात ते समुद्राहून खारट होतं. वडिलांना अंथरुणातून फारसं उठवत नसे, पण हे रेघेचं काम त्यांनी स्वतःकडे मागून घेतलं. संध्याकाळी भिंतीला धरत ते मागच्या खोलीत यायचे, चष्मा कपाळावर सरकवून रेघ बघायचे आणि हळूच धार सोडायचे. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात हे त्यांचं रोजचं काम होतं.

मँडरिन वाचला. महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी वाटीभर कोपेपॉड मी दिवे मालवल्यानंतर खडकाजवळ सोडत गेलो. रात्रीत ते फटींत शिरतात, तिथेच वाढतात, सकाळी माशाला सापडतात. आधी त्याच्या बरगडीजवळची खाच भरली, मग पोट गोल झालं. त्या मुलीनं त्याची चित्रं काढून मला दिली, ती मागच्या खोलीच्या दारावर आहेत.

त्यानंतर मी ठरवून वाटायला सुरुवात केली. मागेल त्याला बाटली आणि शेवाळाची कुपी. नागपूरला गेली, वाशीमला गेली, खामगावला गेली. बरेच जण काही महिन्यांत सोडून देत, त्याचं मला वाईट वाटलं नाही. अमरावतीत शिकणारा एक मुलगा मात्र टिकून होता. मूळ दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. त्याच्या घरच्या बोअरचं पाणी पिता येत नाही, पिकाला देता येत नाही; पाणी दिलं की काळी जमीन चिकटते आणि कडक होते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतली कितीतरी गावं या पाण्याला पिढ्यान्‌पिढ्या तोंड देत आली आहेत. तो माझ्याकडे आला तोच हा प्रश्न घेऊन: "सर, आमच्याकडे खारं पाणी फुकट आहे. त्यात हे का नाही वाढणार?"

मग एका मे महिन्यात वादळ झालं. आमच्या भागातलं रोहित्र जळालं, वीज कित्येक तास आली नाही, बॅटरीवरचा हवेचा पंप दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला. वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. रांजणातली वाळू आईनं ओली ठेवली होती, पण शेवाळानं भरलेल्या पाण्यातला प्राणवायू रात्रीतून संपला. सकाळी काळं कापड मागे धरून मी एकेक जार पाहिला. एकाही जारात काही हलत नव्हतं. मिऱ्याच्या डबक्यातून निघालेली, ताईंच्या सरांपासून चालत आलेली ती ओळ माझ्या घरात तुटली होती. मी ताईंना फोन केला. त्यांच्याकडेही त्या वर्षी रोटिफर शिरले होते. हे रोटिफर एकदा घुसले की शेवाळ फस्त करतात आणि कोपेपॉडना वर येऊ देत नाहीत. ताईंचा साठा संपला होता. पावसाळा तोंडावर होता, आणि पावसाळ्यात मिऱ्याच्या खडकांवर जाता येत नाही.

मी आणखी कुणाला काही मागितलं नव्हतं. वाशीमच्या एकाशी बोलता बोलता विषय निघाला असेल, त्याच्याकडून बातमी अमरावतीला पोचली असेल. दोन दिवसांनी, भर दुपारी, तो मुलगा एसटीनं अकोल्याला आणि तिथून ऑटोनं बार्शीटाकळीला आला. हातात पाण्याचा मोठा थर्मास, त्यात कोपेपॉड. मी त्याला दिले होते त्याच्या कितीतरी पट. सोबत वहीची पानं: कोणत्या तारखेला काय खाद्य, पाण्याचा खारेपणा किती, अंडपिशवीवाल्या माद्या कधी जास्त, कधी कमी. इतकी नीट नोंद मी स्वतः कधी ठेवली नव्हती. आईनं त्याला आमरस-पोळी वाढली आणि तो जेवत असताना शेजारी बसून पंख्यानं वारा घालत राहिली, कारण वीज तेव्हाही जात-येत होती. "तुह्या मायनं चांगलं वळन लावलं तुले," असं ती त्याला म्हणाली. मी मागच्या खोलीत जाऊन थर्मास उघडला.

त्याला मी दिलं होतं ते ताईंचं होतं. त्यानं मला परत दिलं तेही ताईंचंच, पण त्यात त्याच्या रात्री होत्या. हिशेब मांडायला गेलो तर कोण कुणाचं देणं लागतं हे मला सांगता येत नाही, आणि मांडावासाही वाटत नाही. मला एवढं कळतं की मी ते बाटलीभर पाणी दुसऱ्याच्या हातात दिलं नसतं, तर त्या दिवशी माझ्याकडे काहीच उरलं नसतं आणि ताईंची ती ओळही संपली असती.

खारपाणाचा त्याचा प्रश्न त्यानं सोडला नाही. त्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर, पण समुद्रात ज्या प्रमाणात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम असतं तसं ते नाही. हरियाणातल्या खारट भूजलात कोळंबी वाढवताना केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राला हीच अडचण आली होती. तिथे पाण्यात पोटॅश घालावं लागलं, मग कोळंबी तगली. ते वाचून त्यानं दर्यापूरच्या बोअरचं पाणी तपासून घेतलं, थोडं थोडं पोटॅश आणि मॅग्नेशियमचं मीठ घालून छोट्या बरण्यांत कोपेपॉड सोडले. बरेच मेले. मग अर्धं बोअरचं पाणी आणि अर्धं समुद्री मिठाचं पाणी असं करून पाहिलं. परवा त्याचा फोन आला, आवाज चढलेला: त्या अर्ध्या-अर्ध्या पाण्यातल्या बरणीत अंडपिशवीवाल्या माद्या दिसतायत, आणि पिलंही.

मी लगेच ताईंना कळवलं. त्यांनी खारेपणा विचारला, पोटॅश किती घातलं ते विचारलं, मग जरा थांबून म्हणाल्या, त्यातली एक बाटली मला हवी. मी म्हटलं, उद्याच घेऊन निघतो. त्या म्हणाल्या, वेड्यासारखं करू नकोस, या उन्हात गाडीत ते उकडून निघतील. मृग लागू दे, दोन पाऊस पडू दे. मुलाला तसं कळवलं आहे. तो तोवर दुसऱ्या बरणीत वाढवून ठेवतो म्हणाला, म्हणजे एक रत्नागिरीला जाईल, एक माझ्याकडे राहील, आणि एक महानच्या काकांना दाखवायला.